प्राथमिक शाळेत फ्रेंच : पहिली ते पाचवीसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

महाराष्ट्रातील काही शाळांमध्ये फ्रेंच हा विषय पाचवी-सहावीची वाट न पाहता पहिली-दुसरीपासूनच वेळापत्रकात आला आहे. विषय आला की पाठोपाठ पुस्तक येते, वही येते आणि शाळा सुरू होऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच सहा वर्षांची मुले फ्रेंच मुळाक्षरे आणि क्रियापदांची रूपे फळ्यावरून उतरवून घेऊ लागतात. माझा आक्षेप नेमका इथे आहे. या वयात भाषा आधी कानात बसते, मग जिभेवर येते आणि बऱ्याच काळाने कागदावर उतरते. हा क्रम उलटा केला तर पाचवीच्या अखेरीस मुलाला रूपे पाठ असतात, पण समोरच्याने नाव विचारले तर तोंड उघडत नाही. पुढील मार्गदर्शन प्राथमिक वर्गांना फ्रेंच शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. ज्या घरात कोणालाच फ्रेंच येत नाही अशा पालकांसाठीही त्यात बरेच काही आहे.

पहिली पायरी : वेळ, शिक्षक आणि मराठीची जागा

2020 च्या कायद्यानुसार राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे आहे. त्यामुळे फ्रेंच ही मराठीला पर्याय म्हणून नव्हे, तर जादा भाषा म्हणूनच येते, आणि ते योग्यच आहे, कारण घरची भाषा पक्की असलेले मूल परकी भाषा अधिक सहज उचलते. वेळापत्रक करताना आठवड्यातून एकदा ऐंशी मिनिटांची जोडतासिका देण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटांच्या चार तासिका द्याव्यात. दोन तासिकांमध्ये सात दिवस गेले तर लहान मुलाच्या कानातून नवे ध्वनी निघून जातात आणि प्रत्येक वेळी पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो.

शिक्षक निवडताना युरोपीय भाषा-चौकटीतील बी-2 पातळीचा (ए-1 ते सी-2 या सहा पातळ्यांपैकी चौथीचा) आग्रह धरावा. मुंबई आणि पुण्यातील आलियाँस फ्रांसेझ ही फ्रेंच शिकवणारी संस्था, तसेच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग येथे शिकलेले अनेक जण शाळांतून शिकवतात. मात्र केवळ पदवी पाहू नये. महाविद्यालयात उत्तम व्याकरण शिकवणारी व्यक्ती सहा वर्षांच्या चाळीस मुलांसमोर अडखळू शकते, तर गाणारी, हातवारे करणारी, मुलांबरोबर जमिनीवर बसणारी बी-2 पातळीची शिक्षिका त्याच वर्गाला वर्षभरात बोलते करते. मुलाखतीच्या वेळी उमेदवाराला दहा मिनिटे प्रत्यक्ष पहिलीच्या वर्गात उभे करावे.

दुसरी पायरी : कान आणि जीभ तयार करणे

पहिले सहा महिने शिक्षकाचे लक्ष शब्दसंख्येपेक्षा ध्वनींवर असावे. येथे मराठी मुलाकडे एक मोठे भांडवल असते आणि इंग्रजीतून शिकवण्याच्या सवयीमुळे ते वाया जाते. इंग्रजीच्या वळणाने जाणारी मुले फ्रेंच 'त' आणि 'द' यांचा उच्चार 'ट' आणि 'ड' असा करतात. प्रत्यक्षात फ्रेंच माणसाची जीभ मराठी माणसासारखीच दातांना टेकते. 'मादाम'मधला 'द' हा आपल्या 'दार'मधला आहे, एवढे सांगितले की मूल तो लगेच नीट म्हणते. 'प', 'त' आणि 'क' यांचेही तसेच आहे. इंग्रजीत शब्दाच्या आरंभी या व्यंजनांबरोबर हवेचा झोत सुटतो. फ्रेंचमध्ये आणि मराठीत तो सुटत नाही. प्रत्येक मुलाने तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरून 'पापा' म्हणावे. पट्टी जागची हलली नाही तर उच्चार बरोबर आहे.

जे ध्वनी मराठीत नाहीत त्यांच्यासाठी वेगवेगळे उपाय करावे लागतात. 'बोंझूर' म्हणजे 'नमस्कार'; त्यातला मधला ध्वनी आपल्या 'झाड'मधल्या किंवा 'झेंडा'मधल्या 'झ'पेक्षा निराळा आहे. मुलांना 'श' लांबवत राहायला सांगावे, बोटे गळ्यावर ठेवायला लावावीत आणि 'श' न तोडता गळ्यातून आवाज सोडायला सांगावे. बोटांना कंप जाणवला की हवा तो ध्वनी आपोआप मिळतो. दुसरा अवघड स्वर म्हणजे 'रस्ता' या अर्थाच्या फ्रेंच शब्दातला. तो काढण्यासाठी 'ई' म्हणत राहावे, जीभ अजिबात हलवू नये आणि फक्त ओठ 'ऊ'सारखे गोल करावेत. ओठांबरोबर जीभही मागे गेली तर त्याच शब्दाचा अर्थ 'चाक' होतो. मुलांना हा फरक फार आवडतो. शिक्षकाने शब्द म्हणायचा आणि वर्गाने रस्ता किंवा चाक यांपैकी योग्य चित्राकडे बोट करायचे, हा खेळ आठवडाभर पुरतो.

अनुनासिक स्वरांच्या बाबतीत मालवणी किंवा कोकणी बोलणाऱ्या घरातली मुले पुढे असतात, कारण त्यांच्या कानावर असे स्वर रोज पडतात. बाकीच्यांची चूक ठरलेली असते : स्वर नाकातून सुरू होतो, पण शेवटी जीभ टाळूला लागून 'न' उमटतो. हातात लहान आरसा देऊन 'बों' म्हणायला लावावे आणि शेवटी जिभेचे टोक खालीच राहते का, हे ज्याचे त्याने पाहावे. घशातल्या 'र'साठी पाण्याची गुळणी करून दाखवावी आणि नंतर तीच क्रिया पाण्याशिवाय करून पाहावी. तो पहिल्या वर्षी आला नाही तर त्याचा पिच्छा पुरवू नये. मराठी 'र' वापरूनही मुलाचे बोलणे कळते आणि ऐकून ऐकून बहुतेकांना तो पुढे जमतो.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे : मुलांना फ्रेंच शब्द देवनागरीत लिहून देऊ नयेत. या लेखात तसे लिहिणे अपरिहार्य आहे, पण रस्ता आणि चाक हे दोन्ही शब्द देवनागरीत 'रू' असेच उतरतात आणि एकदा वहीत 'रू' लिहिले की मूल कानाचे ऐकणे सोडून डोळ्यांचे ऐकू लागते.

तिसरी पायरी : आज्ञा ऐकून हालचाल

पहिल्या महिन्यात मुलांकडून बोलण्याची अपेक्षाच ठेवू नये. शिक्षकाने 'लव्हे-व्हू' म्हणत उभे राहावे, 'आसेये-व्हू' म्हणत बसावे आणि वर्गाने तसेच करावे. हळूहळू शिक्षकाने स्वतःची हालचाल थांबवावी आणि फक्त शब्दांवर मुले हलतात का, हे पाहावे. त्यानंतर फ्रान्समधल्या मुलांचा 'झाक आ दी' म्हणजे 'झाक म्हणाला' हा खेळ आणावा. आज्ञेआधी हे तीन शब्द आले तरच ती पाळायची, नाही तर जागचे हलायचे नाही. चाळीस मुलांच्या वर्गात कोणाला किती कळते, हे या खेळात दोन मिनिटांत दिसते; शेजाऱ्याकडे पाहून हलणारे मूल अर्ध्या क्षणाने मागे असते. अशा मुलांना पुढच्या रांगेत आणावे, पण त्यांना खेळातून बाद करू नये. ज्याला सरावाची सर्वाधिक गरज आहे तोच बाद होऊन भिंतीला टेकून बसणार असेल, तर त्या खेळाचा काही उपयोग नाही.

आठवड्याला सहा ते आठ नवे शब्द पुरेसे आहेत, आणि ते सुटे न देता वाक्यात द्यावेत. 'लाल' हा शब्द एकटा शिकवण्यापेक्षा 'मला लाल रंगाचा खडू द्या' ही विनंती शिकवावी आणि ती फ्रेंचमध्ये केल्याखेरीज खडू देऊ नये.

चौथी पायरी : मराठीच्या आधारे व्याकरण, पण व्याकरणाचे नाव न घेता

'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक इंग्रजीतून समजावताना शिक्षकाला बरीच कसरत करावी लागते. मराठी मुलाला तो उपजतच कळतो. मैत्रिणीला 'त्यू', बाईंना 'व्हू', दुकानदाराला 'व्हू', एवढे सांगितले की पुरे. एक फरक मात्र सांगावा : आपल्या अनेक घरांत आजोबांना आणि पुष्कळदा वडिलांनाही 'तुम्ही' म्हणतात, तर फ्रेंच मुले बहुतेक घरांत आई-वडील आणि आजी-आजोबा या सर्वांना 'त्यू'च म्हणतात. त्यात अनादर नाही, हे पाच-सहा वाक्यांत समजावून सांगितले की मुलांना पटते आणि संस्कृतीचा एक धडा पुस्तकावाचून होऊन जातो.

नामाच्या लिंगाचेही तसेच. निर्जीव वस्तूला लिंग असते, ही कल्पना मराठी मुलाला नवी नाही. मराठीत तीन लिंगे आहेत, फ्रेंचमध्ये दोन. मात्र मराठी लिंग फ्रेंचवर लादले जाण्याचा धोका आहे. खुर्ची दोन्हीकडे स्त्रीलिंगी, सूर्य दोन्हीकडे पुल्लिंगी, पण आपला चंद्र तिकडे स्त्रीलिंगी. म्हणून प्रत्येक शब्द 'ल' (पुल्लिंगी) किंवा 'ला' (स्त्रीलिंगी) या उपपदासह आणि पुल्लिंगीला निळे, स्त्रीलिंगीला लाल अशा रंगीत चित्रपत्त्यांवरच दाखवावा. नियम सांगू नयेत. तिसरीपर्यंत मुले 'ला ल्यून' (चंद्र) हा एकच शब्द असल्यासारखे म्हणू लागतात आणि चुकीचे उपपद त्यांच्या कानाला खटकते. तेवढे साधले की काम झाले.

पाचवी पायरी : मैदानावरचा एक तास

संख्या शिकवण्यासाठी मला 'मारेल'पेक्षा चांगले साधन माहीत नाही. हा आपल्या ठिकरीच्या खेळाचा फ्रेंच अवतार. अंगणात खडूने घरे आखायची. सर्वांत खाली 'तेर' म्हणजे पृथ्वी, मग एक ते आठ अंक आणि सर्वांत वर 'सिएल' म्हणजे आकाश. मुलाने 'तेर'मध्ये उभे राहून ठिकरी टाकायची, ती ज्या घरात पडली ते घर वगळून लंगडी घालत वर जायचे, परत येताना ठिकरी उचलायची. नियम एवढाच, की पाय टेकेल त्या घराचा अंक मोठ्याने फ्रेंचमध्ये म्हणायचा आणि रांगेतल्या बाकीच्यांनी तो त्याच्याबरोबर म्हणायचा. अंक चुकला तर पुन्हा 'तेर'पासून सुरुवात. वर्गात दहा वेळा म्हणूनही विसरला जाणारा 'सेत' (सात) आणि 'युइत' (आठ) यांचा क्रम येथे दोन फेऱ्यांत पक्का होतो, कारण अंक आणि उडी एकत्र बसतात. चाळीस मुलांसाठी किमान पाच आराखडे हवेत, नाही तर बहुतेकांचा वेळ रांगेतच जातो. पावसाळ्यात हाच खेळ व्हरांड्यात रंगीत चिकटपट्टीने आखता येतो.

पहिली-दुसरीत वीसपर्यंतचे आकडे पुरेत. सत्तर, ऐंशी आणि नव्वद हे चौथीत घ्यावेत. फ्रान्समध्ये सत्तरला 'साठ-दहा', ऐंशीला 'चार-वीस' आणि नव्वदला 'चार-वीस-दहा' म्हणतात. वीस-वीस मण्यांच्या माळा करून चार माळा पुढे ठेवल्या की ऐंशी डोळ्यांना दिसतात. आपल्याकडेही कोडीने, म्हणजे विसाच्या गटाने, मोजण्याची पद्धत होतीच. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर आणि नव्वद यांसाठी स्वतंत्र सोपे शब्द वापरतात, हेही येथेच सांगावे. सगळे फ्रेंच बोलणारे सारखे बोलत नाहीत, हे मुलांना लवकर कळलेले बरे.

सहावी पायरी : वाचन आणि लेखन तिसरीपासून

पहिली-दुसरीत मूल देवनागरी आणि रोमन अशा दोन लिप्यांशी झटत असते. त्यात रोमन अक्षरांचे तिसऱ्या पद्धतीचे वाचन घुसडले की इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही बिघडतात. शिवाय मराठी मुलाला लिहिले तसे वाचण्याची सवय असते, आणि फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटची व्यंजने बहुधा उच्चारली जात नाहीत. उलट पुढचा शब्द स्वराने सुरू झाला तर त्यांतली काही अचानक ऐकू येतात. 'ले' हे अनेकवचनी उपपद आणि 'आमी' (मित्र) एकत्र आले की 'लेझामी' होते. शब्द आधी कानाला ओळखीचा असेल तर हे न उच्चारले जाणारे अक्षर मुलाला गमतीचे वाटते. आधी डोळ्यांनी पाहिला असेल तर ते सगळी अक्षरे उच्चारू लागते आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही.

म्हणून तिसरीत, जे शब्द मुले दोन वर्षे बोलत आली आहेत, तेच फक्त पत्त्यांवर लिहून दाखवावेत. न उच्चारली जाणारी अक्षरे फिकट करड्या रंगात लिहावीत. लेखनाची सुरुवात चित्राखाली एक शब्द, नंतर शुभेच्छापत्र, नंतर तीन-चार वाक्यांची स्वतःची ओळख अशी करावी. श्रुतलेखन चौथीच्या उत्तरार्धापर्यंत घेऊ नये.

सातवी पायरी : संस्कृती, वर्षाच्या पंचांगाप्रमाणे

संस्कृती म्हणजे थर्माकोलचा आयफेल टॉवर, हा समज सोडून द्यावा. मुलांना दुसऱ्या देशातल्या मुलांचा दिवस कसा जातो, हे जाणून घ्यायचे असते. फ्रान्समध्ये मूल तीन वर्षांचे झाले की शाळा सक्तीची आहे. प्राथमिक शाळा सहा ते अकरा वर्षांपर्यंत पाच इयत्तांची असते. बुधवारी पुष्कळ शाळांना पूर्ण किंवा अर्धी सुट्टी असते. पुष्कळ मुले दुपारी शाळेच्या भोजनगृहातच जेवतात आणि तेथे आठवड्यातून एकदा तरी मांसाहारविरहित जेवण देणे बंधनकारक आहे. डब्याच्या सुट्टीआधी ही माहिती दिली की प्रश्नांची झड लागते.

आपले वर्ष जूनमध्ये सुरू होते, त्यामुळे पहिला प्रसंग 14 जुलैचा, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाचा. निळा, पांढरा आणि लाल हे तीन रंग शिकवण्यास याहून चांगला दिवस नाही. त्यानंतर डिसेंबरपर्यंत दुकानाचा खेळ चालू ठेवावा. फ्रान्समध्ये दुकानात शिरताच 'बोंझूर मादाम' किंवा 'बोंझूर मेस्यो' म्हणणे सभ्यतेचे किमान लक्षण मानतात. न बोलता थेट वस्तू मागणे उद्धटपणाचे समजतात. म्हणून दुकानदार झालेल्या मुलाने अभिवादन न करणाऱ्या गिऱ्हाइकाला काहीच विकू नये, असा नियम ठेवावा.

नाताळच्या सुट्टीनंतर 'गालेत दे रुआ' करावे. 6 जानेवारीच्या सुमारास फ्रेंच घरांत आणि शाळांत हा बदामाचे सारण भरलेला गोल पदार्थ कापतात आणि त्यात 'फेव्ह' नावाची चिमुकली वस्तू लपवलेली असते. ती ज्याच्या वाट्याला येते तो त्या दिवसाचा राजा किंवा राणी, आणि त्याला कागदी मुकुट मिळतो. सर्वांत लहान मूल टेबलाखाली बसते. वरून कोणी तरी तुकड्यावर हात ठेवून 'से पूर की?' म्हणजे 'हा कोणासाठी?' असे विचारतो आणि खालून नाव येते. एवढ्या एका प्रश्नोत्तराचा सराव वर्गात चाळीस वेळा नैसर्गिकपणे होतो. लहान मुलांच्या घशात अडकू शकेल अशी कोणतीही वस्तू खाद्यपदार्थात घालू नये; त्याऐवजी एका बशीच्या तळाला रंगीत ठिपका चिकटवावा. पदार्थ बाजारातून आणणार असाल तर अंड्याविषयी पालकांना आधी विचारावे. साधा बिनअंड्याचा केकही चालतो.

2 फेब्रुवारीला 'शांदलर' हा सण. या दिवशी क्रेप करतात. पातळ पिठाचे, आपल्या घावनासारखे, फक्त गव्हाच्या मैद्याचे आणि दुधातले. एका हातात नाणे धरून दुसऱ्या हाताने क्रेप हवेत उलटवला तर वर्षभर पैशाची चणचण भासत नाही, अशी समजूत आहे. तवा शिक्षकांनी किंवा पालकांनीच हाताळावा. मुलांनी कागदी क्रेप उलटवावेत आणि पीठ, दूध, साखर, लोणी ही नावे घेत कृती सांगावी. 1 एप्रिलला फ्रेंच मुले एकमेकांच्या पाठीवर गुपचूप कागदी मासा चिकटवतात. आपल्याकडे तेव्हा परीक्षांचे दिवस असतात, म्हणून हा खेळ मार्चच्या शेवटी उरकून घ्यावा.

आठवी पायरी : फ्रान्सच्या पलीकडे

20 मार्च हा फ्रेंच भाषक जगाचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात नकाशा लावून सेनेगल, कॅनडातला क्वेबेक प्रांत, बेल्जियम दाखवावे आणि मग दोन ठिकाणी मुद्दाम थांबावे. एक पुदुच्चेरी, जिथे 1954 पर्यंत फ्रेंच कारभार होता आणि जुन्या वस्तीत रस्त्यांच्या पाट्यांवर आजही फ्रेंच आणि तमिळ नावे दिसतात. दुसरे मॉरिशस. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्या कुटुंबांचे वंशज तिथे आहेत, प्राथमिक शाळेत मुले इंग्रजी आणि फ्रेंच शिकतात आणि ज्यांना हवे त्यांना मराठी हा विषयही घेता येतो. आपल्या मुलांना पत्रमैत्री करायची असेल तर यापेक्षा योग्य जागा नाही : आपण फ्रेंचमध्ये चार ओळी लिहाव्यात, तिकडून मराठीत चार ओळी याव्यात. मॉरिशसचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, त्यामुळे शाळेच्या वेळेत दृश्यसंवादही सहज जमतो.

घरी काय करावे

पालकांना फ्रेंच येत नसेल तर बिघडत नाही. शिक्षकांनी आठवड्याचे शब्द स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून पालकांना पाठवावेत आणि ते जेवताना किंवा गाडीतून जाताना ऐकवावेत. टीव्ही-5 मोंद या वाहिनीच्या संकेतस्थळावर नवशिक्यांसाठी विनामूल्य साहित्य आहे. सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे मुलाला शिक्षक होऊ देणे : आईने किंवा आजोबांनी त्याच्याकडून दोन शब्द शिकावेत, चुकावे आणि त्याला दुरुस्त करू द्यावे. मात्र पाहुणे आले की 'फ्रेंचमध्ये काही तरी म्हणून दाखव' असा आग्रह कृपया धरू नये. बोलण्याची हौस त्या एका वाक्याने संपलेली मुले मी पाहिली आहेत.

मूल्यमापन आणि पुढची इयत्ता

पहिली ते तिसरी लेखी परीक्षा नको. शिक्षकांनी प्रत्येक मुलासाठी एक पान ठेवावे आणि त्यावर 'सूचना ऐकून कृती करतो', 'स्वतःहून मागणी करते', 'नाव, वय, आवड सांगते' अशा नोंदी तारखेसह कराव्यात. चौथी-पाचवीत इच्छा असेल तर 'देल्फ प्रीम' ही प्राथमिक वयाच्या मुलांसाठीची अधिकृत परीक्षा देता येते. तिच्या ए-1.1, ए-1 आणि ए-2 अशा तीन पातळ्या आहेत. ए-1 आणि ए-2 यांत श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण यांना प्रत्येकी 25 गुण असतात, उत्तीर्ण होण्यासाठी एकूण 50 गुण लागतात आणि प्रत्येक भागात किमान 5 गुण हवेत. प्रमाणपत्राला मुदत नसते, त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही. तोंडी भागात मूल आनंदाने बोलेल याची खात्री झाल्यावरच अर्ज भरावा.

पाचवीच्या अखेरीस हेच पान आणि प्रत्येक मुलाचे दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण सहावीच्या शिक्षकांकडे सोपवावे. अनेक शाळांत सहावीचे पुस्तक पुन्हा पहिल्या अभिवादनापासून सुरू होते आणि पाच वर्षे बोलणाऱ्या मुलांना नवख्यांबरोबर बसवले जाते. मुख्याध्यापकांशी एप्रिलमध्येच बोलून अशा मुलांसाठी वेगळा गट, किंवा निदान पहिल्या सहामाहीत वेगळे वाचन-लेखन, यांची तरतूद करून घ्यावी. जूनमध्ये वेळापत्रक लागल्यावर त्यासाठी जागा उरत नाही.